खुर्दा : मुंबई इलाख्यातील तांब्याची नाणी आणि त्यांचा संग्रह

तांब्याचे नाणे हे रोजच्या देवघेवीचे नाणे होय. होन आणि मोहोर खजिन्यात नाहीतर दागिन्यांच्या डब्यात राहत; रुपया सारावसुलीत, पगारात आणि सावकाराच्या वहीत फिरे. कोथिंबिरीची जुडी, विड्याचे पान, तरीचे भाडे, झोळीतली भिक्षा यांना लागे तो खुर्दा, आणि तो बहुतेक तांब्याचाच असे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणापासून १९५७ साली दशमान पद्धत येईपर्यंत मुंबई बेट आणि भोवतालचा मुलूख यांत या खुर्द्याने अनेक रूपे घेतली. शिवराई, कंपनीचा तराजूछाप पैसा, राणीच्या मुखवट्याचा पाव आणा, भोकाचा पैसा ही त्यांतली ठळक. जुनी तांब्याची नाणी जमवण्याचा छंद जगभर आहे, पण मुंबईच्या संग्राहकाची सोय निराळीच आहे. ज्या टांकसाळीतून ही नाणी बाहेर पडली ती टांकसाळ, ज्या बाजारात ती मोडीत निघाली तो बाजार, ज्या संस्थांनी ती जपली त्या संस्था आणि ज्या घरांत ती अजून सापडतात त्या चाळी हे सगळे कुलाब्यापासून दादरपर्यंतच्या टप्प्यात आहे.

सोन्या-चांदीच्या नाण्यांचा अभ्यास राजांच्या नावांपासून सुरू होऊ शकतो; तांब्याच्या नाण्यांचा वजनापासून सुरू करावा लागतो. याचे कारण या धातूच्या स्वभावात आहे. तांबे स्वस्त. नाण्यात त्याच्या दर्शनी किमतीइतके तांबे घालायचे ठरवले, तर नाणे अवजड होते. कमी घातले, तर नाणे सुटसुटीत होते, पण खोटी नाणी पाडणाऱ्याला नफा सुटतो आणि सराफ बट्टा लावतो. प्रत्येक राजवटीला या पेचातून वाट काढावी लागली. स्वीडनने १६४४ साली दहा डालरचा तांब्याचा पत्राच चलन म्हणून काढला. त्याचे वजन २० किलोच्या आसपास होते. रशियात दुसऱ्या कॅथरीनच्या काळात एका पुडातून, म्हणजे सुमारे १६.४ किलो तांब्यातून, १६ रूबलची नाणी पाडत. त्या हिशेबाने पाच कोपेकचे एक नाणे ५१ ग्रॅमचे होई, आणि रशियन साम्राज्याची ही जाड नाणी आजही जगभरच्या संग्राहकांची आवडती आहेत. इंग्लंडने १७९७ साली काढलेले दोन पेन्सचे नाणे दोन औंसांचे होते. १८३५ नंतरच्या हिंदुस्थानात एका रुपयाचे ६४ पैसे होत, आणि त्या ६४ पैशांत सुमारे ४१५ ग्रॅम तांबे असे. हे आकडे शेजारी ठेवले की कोणत्या सरकारने तांब्याला पूर्ण मोलाचे चलन मानले आणि कोणी केवळ सरकारी हमीचा तुकडा मानले, याचा अंदाज येतो. मुंबईच्या खुर्द्याचा इतिहासही या वजनाच्या चढउतारातून उलगडतो.

या इतिहासाची मराठी सुरुवात शिवराईपासून होते. १६७४ च्या राज्याभिषेकाबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात, भोवती ठिपक्यांची किनार. फारसी मजकुराच्या नाण्यांनी व्यापलेल्या दख्खनच्या बाजारात हे देवनागरी नाणे वेगळे उठून दिसे. महाराजांच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या आहेत. अर्धी शिवराईही होती. ठसे हाताने कोरलेले आणि नाणी हातोड्याच्या घावाने पाडलेली, त्यामुळे ठशापेक्षा चकती लहान असली की अक्षरे कडेबाहेर जात आणि नाण्यावर ‘राजा’ची अर्धीच काना-मात्रा उमटे. अक्षरांचे वळण, ‘शिव’ऐवजी ‘सिव’ असे लेखन, ‘ति’ची वेलांटी, ठिपक्यांची मांडणी यांवरून शिवराईचे शेकडो उपप्रकार पाडले गेले आहेत. एका नाण्याभोवती पूर्ण संग्रह उभा करायचा असेल, तर मराठी मुलखात शिवराईइतके दुसरे सोयीचे नाणे नाही.

पुढे पेशवाईत टांकसाळी मुख्यतः मक्त्याने चालत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी या विषयावर लिहिलेल्या निबंधात १७४४ सालच्या दोन परवानग्यांची माहिती येते. एक रेवदंड्यासाठी, दुसरी नागोठण्यासाठी. दोन्ही ठिकाणे मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावरची. दोन्हीकडे दहा माशांचे तांब्याचे नाणे पाडायचे होते. दहा मासे म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅम. राज्याभिषेकाच्या काळातल्या शिवराईपेक्षा हे वजन स्पष्टच कमी आहे. संग्राहकांना आज सर्वांत सहज मिळणारी ‘दुदांडी’ शिवराई याच नंतरच्या काळातली. अक्षरांच्या ओळींमधल्या दुहेरी आडव्या रेघांवरून तिला ते नाव पडले आणि तिचे वजन बहुधा नऊ-साडेनऊ ग्रॅमच्या घरात भरते. शिवाजी महाराजांचे नाव असलेली प्रत्येक शिवराई त्यांच्याच कारकिर्दीतली, असे म्हणूनच मानता येत नाही. हे नाव मराठी बाजारात पत म्हणून चालले. ते घालून नाणी पाडणे इंग्रजी अंमल येईपर्यंत सुरू राहिले आणि ती नाणी त्यानंतरही खेड्यापाड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फिरत होती.

मुंबई बेटाची कथा याच सुमारास स्वतंत्रपणे सुरू झाली. १६६८ साली बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले आणि १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या कारकिर्दीत येथे टांकसाळ निघाली. तिच्या नाण्यांना कंपनीने विलायती नावे दिली : सोन्याची कॅरोलिना, चांदीची अँग्लिना, तांब्याचा कॉपरून आणि कथलाची टिनी. १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने सनद देऊन रुपये, पैसे आणि बुजरुक पाडण्याचा अधिकार मान्य केला. बुजरुक हे पोर्तुगीज अंमलातून आलेले हलक्या मोलाचे नाणे. पोर्तुगिजांचा ठसा मुंबईच्या हिशेबावरही राहिला होता. कंपनीच्या वह्यांत रुपयाचे चार भाग आणि चारशे रेस धरले जात. बाजाराला मात्र ही नावे पटली नाहीत. तो रुपया आणि पैसा यांनाच धरून राहिला. तांब्याचा पुरवठाही बाहेरून होई, त्यात जपानी तांब्याचा मोठा वाटा असे, आणि भाव चढला की तांब्याचे नाणे परवडेनासे होई. त्यामुळे अठराव्या शतकात मुंबईने बराच काळ कथिलासारख्या हलक्या धातूचे पैसे चालवले. त्यांवर राजमुकुट आणि ‘बॉम्ब’ ही अक्षरे असतात, तर मागे ‘ऑस्पिसियो रेजिस एत सेनातुस आंग्लिए’, म्हणजे इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्या आश्रयाने, हा लॅटिन मजकूर. हे पैसे मऊ असल्याने लवकर झिजले. स्वच्छ मजकुराचा नमुना आज क्वचितच मिळतो.

हाताने पाडलेल्या नाण्याचे वजन एकसारखे राहत नाही. मोठा बदल आला तो यंत्रामुळे. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टन याने वाफेच्या शक्तीवर चालणारी टांकसाळ उभारली होती. तिच्याकडून कंपनीने मुंबईसाठी १७९१ आणि १७९४ या वर्षांचे दोन पैसे, दीड पैसा, एक पैसा आणि अर्धा पैसा करून घेतले. त्यांच्या एका बाजूला कंपनीचे व्यापारचिन्ह, म्हणजे गाठोड्यांवर मारायचा बदामी आकाराचा शिक्का, आणि दुसऱ्या बाजूला तराजू व अरबी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द आहे. तराजूच्या छापाचे नाणे खरोखरीच तराजूवर एकसारखे भरावे, हे या नाण्याने प्रथम साधले. १८०४ मध्ये सोहोहून दुसरी मालिका आली. तीत व्यापारचिन्हाच्या जागी कंपनीचे पूर्ण मानचिन्ह होते आणि तराजूखाली १२१९ हे हिजरी साल. बोल्टनच्या टांकसाळीने या नाण्यांचे चकचकीत नमुने, काही सोन्याचा मुलामा दिलेलेही, वेगळे काढले होते. लिलावात मुंबईच्या तांब्याला मोठी बोली लागते ती बहुधा अशाच नमुन्यांना. विलायती माल पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही मुंबईची स्थानिक टांकसाळ तोच व्यापारचिन्ह-तराजूचा छाप हातोड्याने पाडत राहिली. ही ओबडधोबड नाणी आणि सोहोची गोल-गरगरीत नाणी एकाच बाजारात एकाच भावाने चालत. दोन्ही शेजारी ठेवली की यंत्राने नेमके काय बदलले ते समजायला वेगळे पुस्तक लागत नाही.

यंत्र मुंबईत यायला आणखी पाव शतक लागले. फोर्टमध्ये बॉम्बे इंजिनिअर्सचे जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली नवी टांकसाळ उभी राहिली आणि १८२९ मध्ये ती तयार झाली. तिची यंत्रे बोल्टन आणि वॉट यांच्याच कारखान्यातली. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ही खांबांची इमारत आज शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेसमोर आहे आणि टांकसाळ म्हणूनच चालू आहे. या टांकसाळीतून १८३० पासून तराजूछाप पाव आणा निघू लागला. त्यावर कंपनीचे मानचिन्ह, इंग्रजीत किंमत, तराजू, ‘अदल’ आणि हिजरी साल असे सगळे एकत्र आहे. १८३०, १८३२ आणि १८३३ या वर्षांचे पाव आणे, १८३१ आणि १८३३ ची पै आणि १८३४ चा अर्धा आणा ही मुंबई इलाख्याची शेवटची स्वतंत्र तांब्याची नाणी. छोट्या आवाक्याचा आणि पूर्ण होऊ शकेल असा संग्रह नवख्याला हवा असेल, तर ही मालिका त्यासाठी योग्य आहे.

१८३५ साली कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकच चलन ठरवले आणि तांब्याची वजने कायद्याने बांधली. अर्धा आणा २०० ग्रेनचा, पाव आणा म्हणजे पैसा १०० ग्रेनचा, पै ३३⅓ ग्रेनची. आजच्या मापात ही वजने अनुक्रमे १२.९६, ६.४८ आणि २.१६ ग्रॅम भरतात. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै ही कोष्टके मराठी शाळांतल्या मुलांनी पुढची सव्वाशे वर्षे पाठ केली. १८६२ पासून नाण्यांवर व्हिक्टोरियाचा मुखवटा आला. १८७६ पर्यंत मजकूर ‘क्वीन’ असा आहे आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’. हा फरक तारीख झिजलेल्या नाण्याचाही काळ सांगतो. सरकारी हमी पक्की झाल्यावर पैशातल्या तांब्याच्या भावाकडे गिऱ्हाइकाने बघायचे सोडले, आणि पाव आणा शहराच्या जगण्याचे एकक बनला. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा कुलाब्याहून पायधुणीपर्यंतचे भाडे तीन आणे, म्हणजे बारा पैसे होते. ते पुढे दोन आण्यांवर आले. १८७९ मध्ये टपाल खात्याने पोस्टकार्ड काढले ते पाव आण्याला. परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला आलेल्या कोकण-घाटावरच्या माणसाचा गावाशी संबंध या एका पैशाच्या पोस्टकार्डावर टिकून राहिला.

१९०६ च्या नाणेकायद्याने शुद्ध तांब्याऐवजी काशासारखा मिश्रधातू आला. त्यात ९५ टक्के तांबे, ४ टक्के कथील आणि १ टक्का जस्त असे प्रमाण होते. पाव आण्याचा व्यास २५.४ मिलिमीटर तोच राहिला, वजन मात्र १०० ग्रेनवरून ७५ वर, म्हणजे ४.८६ ग्रॅमवर उतरले. सातव्या एडवर्डचे १९०६ सालचे पाव आणे दोन्ही प्रकारांत सापडतात. डोळ्यांनी ते सारखे दिसतात, काटाच त्यांना वेगळे करतो. पंचम जॉर्जच्या पाव आण्यावर सालाखाली बारीक ठिपका असेल तर ते नाणे मुंबईचे, काहीच खूण नसेल तर कलकत्त्याचे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली आणि १९४३ पासून १९४७ पर्यंत मधोमध भोक असलेला पैसा निघाला. त्याचे वजन जेमतेम दोन ग्रॅम. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये घोड्याच्या छापाचा पैसा आला, तोही काशाचा. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. एक नया पैसा काही वर्षे काशाचा राहिला, मग निकेल-पितळेचा आणि १९६५ पासून ॲल्युमिनियमचा झाला. तांब्याच्या खुर्द्याची मालिका तेथे संपते.

यांतली बहुतेक नाणी नष्ट झाली, आणि त्यालाही बाजारच कारण. सोने-चांदी जमिनीत पुरून ठेवत, म्हणून ती अचानक हंड्यांनी सापडते. तांब्याचे नाणे गुळगुळीत होईपर्यंत हाताळले जाई आणि चलनातून गेले की मोडीत निघे. पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावर आणि तेथल्या कासारांच्या दुकानांत जुने तांबे तोलाने घेतले जाई व त्याचे तांबे-पातेली होत. जी नाणी वाचली ती बहुधा पूजेमुळे. कलशात सुपारीबरोबर टाकायला तांब्याचे नाणे लागते, म्हणून गिरगाव-दादरच्या घरांत देव्हाऱ्याच्या खणात शिवराई किंवा राणीछाप पैसा पिढ्यानपिढ्या राहिला. कोकणातल्या मूळ घराच्या वाटणीत आलेल्या फडताळातून, आजीच्या कुंकवाच्या करंड्यातून, गिरणीतल्या पेटीच्या तळातून अशी नाणी अजून निघतात. अशा नाण्याबरोबर ते कोणत्या गावातून, कोणत्या घरातून आले याची माहिती मिळते, आणि ती लिहून ठेवली तर नाण्याचे मोल वाढते.

विकत घेण्याच्या जागा तीन प्रकारच्या. पहिला प्रकार रस्त्यावरचा : फोर्टातल्या पदपथांवरचे विक्रेते आणि चोर बाजाराची मटण स्ट्रीट. येथे भाव घासाघिशीने ठरतो आणि परताव्याची सोय नसते, म्हणून स्वतःच्या नजरेवर भरवसा असणाऱ्यानेच येथे खरेदी करावी. दुसरा प्रकार संस्थांच्या प्रदर्शनांचा. मुंबई कॉइन सोसायटीसारख्या संस्था अशी प्रदर्शने भरवतात आणि एकाच छताखाली अनेक व्यापाऱ्यांचा माल तुलनेने पाहता येतो. तिसरा प्रकार लिलावाचा. तेथे छापील सूची, छायाचित्र आणि वजन आधी मिळते आणि नाण्याच्या खरेपणाची जबाबदारी लिलावगृह घेते. तांब्याच्या बाबतीत ‘लॉट’ घेण्याची जुनी चाल आहे. पाव-अर्धा किलो मिश्र पैसे एकरकमी घेऊन घरी निवडत बसले, तर साल, ठिपका आणि ठशांचे भेद ओळखायला हात बसतो. सुरुवातीचा पैसा एका महागड्या नाण्यात गुंतवण्यापेक्षा हा अभ्यास अधिक फळ देतो.

ओळख पटवण्यासाठी साधने थोडीच लागतात. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा खिशातला काटा, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि बाजूने पडणारा उजेड. झिजलेल्या शिवराईची अक्षरे समोरून दिसत नाहीत, ती तिरक्या उजेडात उठतात. प्रत्येक नाणे प्रथम तोलावे, मग मोजावे, मग वाचावे. वजन ठरलेल्या मापापेक्षा थोडे कमी असेल तर झीज; बरेच कमी किंवा जास्त असेल तर शंका. कंपनीच्या नाण्यांसाठी एफ. प्रिडमोर यांची १९७५ ची सूची आणि मराठा नाण्यांसाठी के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ हे मूळ आधार मानले जातात. व्यापारी आणि लिलावगृहे त्यांतलेच क्रमांक वापरतात.

खोटी नाणी दोन प्रकारची असतात. एक, खऱ्या नाण्याच्या नकला. शिवराईच्या नकला फार, कारण मागणी भावनेची आहे. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असतात, कधी कडेवर दोन भागांची सांधरेघ राहते, आणि काळपटपणा रसायनाने आणलेला असला तर तो खोलगट भागात व उंचवट्यावर सारखाच असतो. अस्सल नाण्याचे उंचवटे हाताळून उजळतात. दुसरा प्रकार कधीच अस्तित्वात नसलेल्या नाण्यांचा. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ किंवा १६१६ असे साल, ‘यूकेएल आणा’ ही किंमत आणि पाठीवर हनुमान, रामपंचायतन किंवा कमळ असलेले तुकडे शहरभर विकले जातात. मद्रासच्या काही नाण्यांवर देवतांची चित्रे होती, हे खरे. परंतु कंपनीने अशा छापाचे आणे कुठेच पाडले नाहीत. एखादे नाणे लाखो रुपयांना विकले जाईल, असे सांगणाऱ्या जाहिरातीही याच वर्गातल्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांसाठी शुल्क मागितले जात असल्याने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जनतेला सावध केले होते. बँक अशा व्यवहारात नसते.

मुंबईत तांब्याचा मोठा शत्रू हवा. दमट, खारट वाऱ्यात क्लोराइड असतात, घामातही असतात, आणि ते तांब्यात शिरले की फिकट हिरवी, पिठासारखी बुरशी धरते. हा रोग पसरतो आणि शेजारच्या नाण्यालाही लागतो. गडद तपकिरी किंवा काळसर, घट्ट बसलेला थर मात्र रोग नव्हे. तो नाण्याचे रक्षण करतो, आणि तो काढला की नाण्याची अर्धी किंमत जाते. म्हणून देवाची भांडी घासायला लागणारी चिंच, लिंबू किंवा पितांबरी नाण्याला कधीही लावू नये. चिकटलेली धूळ डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलत सोडवावी आणि नाणे पूर्ण सुकवावे. तेलकटपणा ॲसिटोनने जातो. हिरवी बुरशी दिसली तर ते नाणे ताबडतोब वेगळे काढावे. नाणे कडेला धरूनच हाताळावे. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत चिकट हिरवा द्रव सोडतात, त्यांच्याऐवजी मायलरच्या वापराव्यात. डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी ते बदलावे किंवा तापवून कोरडे करावे. लोखंडी कपाट समुद्राकडच्या भिंतीला लावू नये.

कायद्याच्या तीन गोष्टी संग्राहकाला माहीत हव्यात. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. ती बाळगण्यास आणि देशात विकत घेण्यास मनाई नाही, पण खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. आणि जमिनीत सापडलेले दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे धन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गावच्या शेतात नांगराला लागलेला शिवराई नाण्यांचा हंडा या तिसऱ्या नियमात येतो. तो परस्पर वाटून घेतला तर गुन्हा होतोच, शिवाय कोणती नाणी एकत्र पुरली गेली ही अभ्यासाला सर्वांत मोलाची माहिती कायमची हरवते.

पाहायला आणि वाचायला शहरात भरपूर आहे. टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईकडे सुमारे बारा हजार नाणी आहेत आणि त्यांत शिवाजी महाराजांची नाणीही आहेत. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा नाणेसंग्रह पश्चिम भारतातल्या मोठ्या संग्रहांत गणला जातो. सर फिरोजशहा मेहता मार्गावरच्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय २००४ पासून खुले आहे; कवडीपासून कार्डापर्यंतचा क्रम तेथे एका फेरीत पाहता येतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेन्री हेरास यांनी स्थापन केलेल्या संस्थेतही नाण्यांचा संग्रह आहे. मुंबईला विद्वान संग्राहकांची परंपराही आहे. वाळकेश्वरला राहणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरून एका विस्मृत राजवंशाचा कालक्रम लावला. पुढच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे.

संग्रहाला हद्द असावी लागते. ‘सगळे जुने तांबे’ ही हद्द नव्हे. एका छापाच्या शिवरायांचे उपप्रकार, १७९१ पासून १८३४ पर्यंतचा तराजूछाप, मुंबईच्या ठिपक्याचे पाव आणे, किंवा आपल्याच घराण्याच्या गावात सापडणारे चलन, अशी एखादी मर्यादा आखली की पैसा आणि डोळा दोन्ही एका दिशेला लागतात. प्रत्येक नाण्याची नोंद ते आल्याच्या दिवशीच करावी : क्रमांक, प्रकार, साल, वजन, व्यास, स्थिती, कोठून व किती किमतीला मिळाले, आधी कोणाकडे होते, आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र. एकाच छापाच्या शंभर शिवरायांची वजने ओळीने मांडली तर कोणत्या वजनाभोवती ती गोळा होतात ते दिसते, आणि त्यावरून टांकसाळीने धरलेले मूळ माप काढता येते. हे काम संग्रहालयातल्या दोन-चार निवडक नमुन्यांवरून होत नाही. त्याला झिजलेली, कमी किमतीची, पण संख्येने भरपूर नाणी लागतात. महागडे नाणे नसलेल्या सामान्य संग्राहकाकडे ती असतात, आणि त्याने वजने लिहून ठेवली असतील, तर त्याचा संग्रह अभ्यासाचे साधन होतो.